अर्धा गुण

वर्षभर या सदरात मी भाजीच्या पिशवीपासून जावयाच्या रुसव्यापर्यंत काहीबाही लिहीत असतो, आणि आपण ते गोड मानून घेता. दिवाळी अंकाला मात्र संपादक दोन पाने जास्त देतात आणि "या खेपेस एखादा खेळाचा विषय होऊन जाऊ द्या," असे बजावतात. आता खेळ म्हटला की माझी पंचाईत होते. लहानपणी आट्यापाट्यांत मी पहिल्याच पाटीला सापडत असे, आणि क्रिकेटमध्ये माझ्याकडे गटारात गेलेला चेंडू काढून आणण्याचे काम असे. आयुष्यात मला एकच खेळ थोडाफार आला, तो बुद्धिबळाचा. आणि त्यातलाही एकच डाव मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. तो मी जिंकलेला नाही आणि हरलेलोही नाही. तो खेळायला मला सात महिने लागले, त्या सात महिन्यांत समोरचा गडी मला एकदाही दिसला नाही, आणि त्याच्यापायी गिरगावातल्या आमच्या चाळीत माझी अब्रू जाता जाता राहिली. यंदा तोच सांगतो.

१९८२ सालची गोष्ट. दिवाळी तीन-चार दिवसांवर आली होती. आमच्या दोन खोल्यांत चकलीच्या तळणाचा धूर भरला होता, आणि मी बँकेतून येऊन गॅलरीत पाय धूत होतो. तेवढ्यात पोस्टमनने एक कार्ड माझ्या हातात दिले, पण तो गेला नाही, तिथेच घुटमळला. मी कार्ड पाहिले. एका बाजूला माझा पत्ता होता. दुसऱ्या बाजूला ना श्री, ना तारीख, ना 'अनेक आशीर्वाद'. कोऱ्या कार्डाच्या बरोबर मधोमध चार आकडे होते: ५२५४.

पोस्टमन हळूच म्हणाला, "साहेब, नंबर पक्का आहे ना?"

त्या काळची मुंबई ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. चार आकडे म्हणजे मटका! मी "छे, छे, काहीतरीच काय!" असे म्हणेपर्यंत शेजारच्या आप्पांच्या कानावर ते गेलेच होते. आप्पांनी त्या आकड्यावर दोन रुपये लावले आणि ते गेले. तेव्हापासून 'सांगलीहून येणारा आकडा खोटा असतो' असे त्यांचे ठाम मत झाले.

कार्ड सांगलीचे होते, आणि अक्षर माझ्या थोरल्या भावाचे होते.

आता थोडे मागे जायला हवे. आमचे घर सांगलीला गावभागात. सांगली म्हणजे बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले, आणि पुढे त्या गावात अशी हवा झाली की दुकानाच्या फळीवरसुद्धा गिऱ्हाईक नसले की पट मांडलेला असायचा. आमचे वडील, अण्णा, त्या हवेतले. त्यांच्याकडे सावंतवाडीहून आणलेल्या लाकडी सोंगट्या होत्या. दादाला आणि मला त्यांनी अक्षरओळखीच्या आधी घोड्याची अडीच घरे शिकवली. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, पुढे सांगलीतच शाळेत मास्तर झाला. खेळात तो माझ्याहून चांगला सरस होता. मी त्याला हरवल्याचे मला आठवत नाही. त्याने मला किती वेळा हरवले ते त्यालाही आठवत नसेल.

१९७९ साली अण्णा गेले. पुढच्याच वर्षी मला डोंबिवलीला एक ब्लॉक मिळत होता. चाळीतल्या दोन खोल्यांत चार माणसे. सार्वजनिक नळ, सार्वजनिक सगळेच. मी दादाला लिहिले की घर विकून माझा हिस्सा दे. त्याने उलट टपाली कळवले, "आई आहे तोवर वीट हलायची नाही." मी चिडलो. सांगलीला जाऊन भांडलो. त्या भरात मी म्हणालो, "अण्णांच्या प्रत्येक वस्तूचा अर्धा वाटा मला पाहिजे, समजलास!" आणि मुंबईला परतून वकिलामार्फत रजिस्टर नोटीस धाडली.

आठ दिवसांनी पोचपावती परत आली. दादा शाळेत गेलेला असणार. पावतीवर सही आईची होती.

ती वेडीवाकडी सही पाहिल्यावर मी ती पावती कपाटात वर्तमानपत्राखाली ठेवून दिली. महिन्याभराने सांगलीहून एक पार्सल आले. आत अण्णांच्या सोंगट्यांपैकी काळ्या सोळा होत्या, आणि एक चिठ्ठी: "अर्धा वाटा. पोचल्याचे कळवावे." मी कळवले नाही. त्यानंतर दोन वर्षे आमच्यात एक ओळ गेली-आली नाही. नोटिशीचे पुढे मीही काही केले नाही, पण मागेही घेतली नाही. आणि दोन वर्षांनी हे कार्ड.

त्या आकड्यांचा अर्थ मला पाहताक्षणी कळला, कारण ती भाषा अण्णांनीच आम्हाला शिकवली होती. पटाच्या आठ उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून १ ते ८ आकडे द्यायचे, आणि आडव्या ओळींनाही पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. म्हणजे प्रत्येक घराला दोन आकडे झाले. आधी निघण्याचे घर, मग पोचण्याचे. ५२५४ म्हणजे पाचव्या पट्टीतल्या दुसऱ्या घरातून चौथ्या घरात: पांढऱ्या राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे. टपालाने बुद्धिबळ खेळणारे परदेशी लोक हीच भाषा वापरतात, कारण रशियन माणसाला आपला उंट आणि आपल्याला त्याचा उंट समजण्याची अडचण आकड्यांत राहत नाही.

टपालाने खेळायचे हे खूळ काही दादाचे नव्हे. १८२४ ते १८२८ या चार वर्षांत लंडन आणि एडिंबरो या दोन शहरांच्या मंडळांनी घोडागाडीच्या टपालाने पाच डाव खेळले. एडिंबरोने दोन जिंकले, एक गमावला, दोन बरोबरीत सुटले. त्या सामन्यावरून 'स्कॉच' नावाची सुरुवात बुद्धिबळाच्या पुस्तकांत कायमची जाऊन बसली. १९५१ साली या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, आणि १९५३ साली ऑस्ट्रेलियाचे सेसिल पर्डी टपाली बुद्धिबळाचे पहिले जगज्जेते ठरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टपाल-तपासनिसांनी परदेशाशी अशी कार्डे पाठवण्यावर बंदीच घातली होती. न जाणो, आकड्यांत गुप्त निरोप असायचा! तेव्हा आमच्या पोस्टमनचे फारसे चुकले नव्हते. निरोप होताच. तो कोणता, एवढेच मला कळत नव्हते.

मी रात्रभर विचार केला. सकाळी एक कार्ड घेतले, मधोमध लिहिले '५७५५', आणि पेटीत टाकले. माझेही प्यादे दोन घरे पुढे.

सौ. म्हणाली, "अहो, दोन वर्षांनी भावाला पत्र, आणि त्यात चार आकडे? निदान दिवाळीचे आशीर्वाद तरी मागायचे!"

मी म्हणालो, "त्याने कुठे दिलेत?"

आता डाव मांडायचा तर माझ्याकडे सोंगट्या अर्ध्याच. पांढरे सैन्य घरातूनच उभे करावे लागले. राजा म्हणून शिवणाच्या पेटीतले कोटाचे बटण, वजीर म्हणून औषधाच्या बाटलीचे बूच, उंट म्हणून दोन सुपाऱ्या, घोडे म्हणून दोन खारका, हत्ती म्हणून दोन खडीसाखरेचे खडे आणि प्यादी म्हणून आठ हरभरे. पट पुठ्ठ्यावर आखला आणि कपाटावर ठेवला. मुंगळे खडीसाखरेला लागले तेव्हा हत्तींच्या जागी दोन पावल्या आल्या.

दादाचे दुसरे कार्ड आले: वजिराकडचा घोडा बाहेर. मी उंट काढला. तिसरे कार्ड आले: ३३१४. म्हणजे नुकताच बाहेर आलेला घोडा थेट पटाच्या काठावर, माझ्या उंटाच्या अंगावर. पुस्तकात या खेळीला कोणी फारसे चांगले म्हणत नाही. आणि मी एकदम उठून उभा राहिलो. हा डाव मला ठाऊक होता! दादालाही होता. हा अण्णांचा डाव होता.

अण्णांचा म्हणजे अण्णांनी खेळलेला नव्हे. अण्णांनी वहीत उतरवून ठेवलेला. १८७२ साली व्हिएन्ना शहरात कार्ल हाम्पे आणि फिलिप माइटनर हे दोघे समोरासमोर बसून तो खेळले. हाम्पे सरकारी अधिकारी, माइटनर वकील. (या माइटनर वकिलांची मुलगी लिझे पुढे पदार्थविज्ञानात एवढी मोठी झाली की अणूचे केंद्र दुभंगते म्हणजे काय होते, याचा उलगडा तिने आणि तिच्या भाच्याने जगाला करून दिला.) बुद्धिबळाच्या जगात त्या डावाला 'अमर बरोबरी' म्हणतात. श्रावणातल्या पावसात, दिवे गेलेले असताना, कंदिलाच्या उजेडात अण्णा तो आम्हाला लावून दाखवीत. आम्ही विचारायचो, "अण्णा, पण जिंकलं कोण?" अण्णा म्हणत, "अरे, १९५५ साली एलुरूला आपली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथंसुद्धा रामचंद्र सप्रे आणि वेंकय्या दोघे मिळून विजेते झाले. नेहमी एकानंच जिंकायचं असतं असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

बुद्धिबळात काही सुरुवाती वरणभातासारख्या असतात: प्यादी सावकाश सरकतात, राजा कोपऱ्यात जाऊन सुरक्षित बसतो, आणि तासभर कोणाला काही होत नाही. काही सुरुवाती मात्र कोल्हापुरी ठेच्यासारख्या असतात; पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी. हा डाव दुसऱ्या जातीचा. काळ्याला इथे उंट मुकाट्याने मागे घेता येतो. मग डाव शांत होतो आणि कोणाचेच काही जात नाही. नाहीतर तो उंट राजाशेजारच्या प्याद्यावर घालून चक्क मरू द्यायचा, आणि राजाला भर रस्त्यावर ओढून काढायचा.

खरे सांगतो, त्या क्षणी मला अण्णा आठवले नाहीत. मला ती चिठ्ठी आठवली: 'अर्धा वाटा. पोचल्याचे कळवावे.' मी कार्डावर लिहिले ३५६२. उंट दिला. शह!

दादाच्या राजाने उंट मारला. मी वजीर तिरका काठावर आणून पुन्हा शह दिला. पाचवे कार्ड आले: ६२५३. राजा मागे लपला नाही. एक पाऊल पुढे, पटाच्या मध्याकडे, उघड्यावर आला. हाम्पेचा राजाही असाच आला होता. मी मनात म्हटले, 'दादा अण्णांच्या वहीप्रमाणे चालला आहे.' तेव्हा मला त्यात एवढेच दिसले.

मग ती कार्डे नियमाने सुरू झाली. सांगलीहून गिरगावात कार्ड यायला तीन दिवस, जायला तीन दिवस, आणि मधले विचाराचे. कार्ड पंधरा पैशांना मिळे. दर बाराएक दिवसांनी एक खेळी पुरी होई. कोटाचे बटण माझ्या पुठ्ठ्यावर एकेक घर चालत पलीकडे निघाले होते, आणि त्याचे बाकीचे सैन्य घरीच झोपलेले होते. आप्पा येता-जाता विचारीत, "काय हो, बटण कुठवर आलं?" आमच्या चिरंजिवांनी फेब्रुवारीत पांढऱ्याचा एक घोडा खाल्ला. सुदैवाने तो घोडा डावात जागचा हललाच नव्हता, म्हणून अडले नाही. दुसरी खारीक ठेवली.

नवव्या खेळीला मी वजीर दिला. हाही वहीतलाच बळी: काठावरचा घोडा वजिराने मारायचा, आणि राजाने वजिराला मारायचे. डावातली सगळ्यांत मोठी सोंगटी पोस्टाच्या पेटीत टाकताना हात थोडा थांबला. दादाने वही सोडून दुसरे काही काढले तर मी संपलो होतो. उत्तर आले: २३१४. राजाने वजीर मारला होता. आणि कार्डाच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, एक ओळ होती: "आईला मोतीबिंदू आहे. जूनमध्ये ऑपरेशन."

मी पुढच्या खेळीखाली लिहिले, "कोणत्या डोळ्याचे?"

त्याने लिहिले, "दोन्ही. आधी उजवा."

अशी आमची बोलणी सुरू झाली. एका कार्डावर एक खेळी आणि एक ओळ. त्याहून जास्त दोघांनाही झेपत नव्हते. "वहिनींना नमस्कार." "मुलगा कितवीत?" "विहिरीला पाणी कमी." मी घराचा विषय काढला नाही, त्यानेही काढला नाही.

सोळाव्या खेळीला आम्ही त्या प्रसिद्ध जागेवर येऊन पोचलो. पांढरा राजा एकटाच माझ्या मुलखात, अगदी माझ्या राजाच्या शेजारी येऊन ठेपलेला. त्याच्याकडे वजीर आहे, दोन्ही हत्ती आहेत, सगळे आहे. पण सगळे घरी. माझ्याकडे दोन हत्ती आणि एक उंट. आता मी तो शेवटचा उंट त्याच्या राजाच्या तोंडाशी नेऊन शह देतो. उंट फुकट आहे. राजाने तो मारला की माझा राजा शांतपणे एक पाऊल बाजूला होतो, पांढरा वजीर धावत येऊन एक शह देतो, माझा राजा आणखी एक पाऊल टाकतो, आणि मग माझा हत्ती सरकतो: मात! फुकटचे घ्यायला गेला की मेला. न घेता मागे सरकला, तर मी पुन्हा शह देतो, तो पुन्हा येतो, मी पुन्हा देतो; शेवटपर्यंत तेच.

मी उंट पाठवला, आणि आता कबूल करायला हरकत नाही, माझ्या मनात पाप आले. दादा बेचाळिशीचा झाला आहे, वही कुठे असेल कोण जाणे, खेळता खेळता चुकून त्याने उंट मारला तर? आयुष्यात एकदा तरी मी त्याला हरवीन.

बारा दिवस झाले, कार्ड नाही. पंधरा झाले, अठरा झाले. पोस्टमन लांबूनच मान हलवी. बँकेत माझ्या बेरजा चुकू लागल्या. उंट मारला असेल आणि मग चूक लक्षात येऊन त्याने पट उधळला असेल का? आईला काही झाले असेल का? आणि त्या अठरा दिवसांत केव्हातरी, गॅलरीत उभा असताना, मला नक्की कळले की त्याने तो उंट मारू नये. मारला, तर मी जिंकेन, आणि मग कार्डावर लिहायला काही उरणार नाही.

विसाव्या दिवशी कार्ड आले: ३६२५. राजा मागे सरकला होता. खाली ओळ होती: "उजव्या डोळ्याची पट्टी काल सुटली. दिसते. म्हणून उशीर."

पुढची दोन कार्डे आम्ही दोघांनीही बहुधा न विचार करता टाकली. मी उंटाने शह दिला, तो आला. मी पुन्हा शह दिला. जूनच्या अखेरीस कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, चाळीत मध्यरात्री फटाके वाजले. आणि त्याच आठवड्यात सांगलीचे शेवटचे कार्ड आले. त्यावर आकडे नव्हते. "शह पोचला. पुन्हा तेच. बरोबरी? आई विचारते, दिवाळीला येता का."

बुद्धिबळात डाव बरोबरीत सुटला की दोघांना अर्धा अर्धा गुण मिळतो. मी कार्डावर 'बरोबरी' लिहिले, दुसऱ्या दिवशी वकिलांकडे जाऊन नोटीस मागे घेतली, आणि त्या दिवाळीला काळ्या सोळा सोंगट्या पिशवीत घालून सहकुटुंब सांगलीला गेलो. दादाने दार उघडले. त्याच्या मागे ओटीवर अण्णांचा पट मांडलेला होता. पांढऱ्या सोंगट्या लाकडाच्या, आणि समोर माझे सैन्य म्हणून चिंचोके, एक कुलपाची किल्ली आणि वहिनींची दोन जोडवी. आम्ही दोघे त्या पटाकडे पाहून हसलो, आणि त्यावरच भागले. रात्री वहिनी मला एकीकडे म्हणाल्या, "भावोजी, तुमची ती नोटीस आली तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारच्या पोराकडून वाचून घेतली त्यांनी. नंतर मला म्हणाल्या, धाकट्याचं अक्षर सुधारलं गं, टाईप केल्यासारखं आलंय." यावर मी काय बोलणार?

घर आई असेपर्यंत राहिले. मी १९८४ साली बँकेचे कर्ज काढून डोंबिवलीला ब्लॉक घेतला. पुढे आई गेल्यावर घर विकले. तेव्हा वकील लागला तो फक्त कागद करायला.

ही गोष्ट इथे संपली असे मी चाळीस वर्षे समजत होतो. परवा माझी नात सुट्टीला आली. तिच्या मोबाइलवर बुद्धिबळ आहे, आणि त्यात एक यंत्र आहे; ते कोणत्याही जगज्जेत्याला हरवू शकते. टपाली बुद्धिबळ आता संगणकावर चालते, तिथे अशी यंत्रे वापरायला मुभा आहे, आणि त्यामुळे मोठ्या स्पर्धांतले जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात. कोणी चुकतच नाही. मी मोठ्या ऐटीत नातीला म्हटले, "आमचीही एक बरोबरी होती," आणि डाव सांगू लागलो. ती बोटाने खेळ्या करीत गेली. पाचव्या खेळीला थांबली.

"आजोबा, इथं पांढरा जिंकतोय."

"कसा जिंकेल? राजा उघड्यावर आहे."

"राजाला बाहेर काढायचंच नाही. हे प्यादं एक घर पुढं. तुमच्या वजिराला हटावं लागतं. मग त्यानं मधलं प्यादं मारलं तरी यांचा वजीर समोर येतो. तुम्ही हत्तीवर झडप घातलीत तर तुमचा वजीर तिथंच अडकतो. घोडा मारलात तर इकडे शह बसून सगळं ढासळतं."

७२७३. साधे एका घराचे प्यादे. मी चष्मा लावून तीनदा पाहिले. यंत्राचे बरोबर होते. आणि दादासारख्या गड्याला ते दिसले नसेल, हे शक्य नव्हते.

मी तिथूनच सांगलीला फोन लावला. दादा आता चौऱ्याऐंशीचा आहे. फोन वहिनी धरतात आणि तो मोठ्याने बोलतो. मी विचारले, "दादा, १९८२ च्या डावात पाचव्या खेळीला प्यादं का नाही सरकवलंस?"

तो थोडा वेळ गप्प होता. मला वाटले, ऐकू गेले नाही. मग म्हणाला, "अण्णांच्या वहीत समासात पेन्सिलनं लिहिलेलं आहे ते. तुला दाखवलं नव्हतं त्यांनी. तू लहान होतास, तुला काळ्यानं खेळायला आवडायचं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं!"

"होतं की."

"मग जिंकला का नाहीस?"

"आईनं दोन ओळी लिही म्हणून सांगितलं होतं. मला शब्द सुचेनात, म्हणून आकडे लिहिले. आता पाचव्या कार्डावर तुझा वजीर कोंडला असता, तर सहावं कार्ड टाकलं असतंस का तू?"

मी उत्तर दिले नाही. त्याला ते ठाऊकच होते. सात महिने तो आपला राजा उघड्यावर घेऊन एकेक घर माझ्याकडे चालत आला, आणि मी त्याला शह देत होतो, एवढे माझ्या ध्यानात यायला चाळीस वर्षे आणि नातीचा मोबाइल लागला.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन एक पोस्टकार्ड घेतले. अजून पन्नास पैशांना मिळते. खिडकीतल्या मुलीने मात्र माझ्याकडे जरा निरखून पाहिले. या खेपेस पांढरे मी घेतले. कार्डाच्या मधोमध लिहिले ५२५४, आणि खाली, 'सा. न. वि. वि.' लिहायला मुळीच विसरलो नाही.

आठ दिवसांनी सांगलीहून पार्सल आले. आत अण्णांच्या पांढऱ्या सोळा सोंगट्या होत्या, आणि थरथरत्या अक्षरातली एक चिठ्ठी: "अर्धा वाटा. पोचल्याचे कळवावे. ५७५५."

नातीने पुठ्ठा आणून पट आखायला घेतला. काळ्या प्याद्यांसाठी तिने मनुका मोजून ठेवल्या. मग विचारले, "आजोबा, काळे घोडे कशाचे करायचे?"

मी म्हटले, "खजुराचे. पण डाव संपेपर्यंत खायचे नाहीत."